देवळातून उचललेला दगड

आंद्रे मालरो हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते नेहरूंच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’त. अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना, १९४४ साली लिहिलेलं ते पुस्तक. बौद्ध धर्माचा विषय निघतो तेव्हा नेहरू आठ-नऊ वर्षांपूर्वीची पॅरिसमधली एक भेट सांगतात. समोर हा फ्रेंच कादंबरीकार. बोलणं सुरू होतं न होतं तोच त्याने विचारलं : हजार वर्षांपूर्वी, मोठा संघर्ष न होता, हिंदू धर्माने संघटित बौद्ध धर्माला भारतातून बाहेर कसं सारलं? हा प्रश्न त्याच्या मनात दाटून होता, असं नेहरू लिहितात. युरोपात फॅसिझम दाराशी येऊन ठेपलेला, भारतात स्वातंत्र्याचा लढा चाललेला, आणि या माणसाला काय जाणून घ्यायचं होतं, तर एक धर्म दुसऱ्या धर्मात विरतो कसा, हे.

त्या भेटीच्याच आगेमागे, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यात डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं होतं. पुढे २१ वर्षांनी नागपुरात काय घडलं ते आपल्याला सांगायला नको. पॅरिसमध्ये जो प्रश्न जुन्या इतिहासाचा वाटत होता, तो आपल्याकडे रोजच्या जगण्याचा होता. ‘संघर्ष न होता’ हे शब्दही इथे कोणी इतक्या सहज मान्य केले नसते. तरीही तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आणि त्याच्या मागोमाग मी मालरोपर्यंत गेले.

तिथे आधी भेटला तो एक चोर.

मालरोचा जन्म ३ नोव्हेंबर १९०१ चा, पॅरिसचा. आईवडील वेगळे झाले आणि पोराचं बालपण बोंदी या उपनगरात गेलं. आई, मावशी आणि आजी, आणि आजीचं किराणा मालाचं दुकान. शाळा त्याने अर्ध्यावर सोडली, बाकालोरेआची, म्हणजे शाळा संपतानाची, परीक्षासुद्धा दिली नाही. त्याचं खरं शिक्षण झालं ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि संग्रहालयांत. दुर्मीळ पुस्तकं शोधून विक्रेत्यांना पुरवायची आणि त्यावर चार पैसे मिळवायचे, हा त्याचा पहिला धंदा. १९२१ मध्ये त्याने क्लारा गोल्डश्मिटशी लग्न केलं. तिच्या पैशाने मेक्सिकन खाणींचे शेअर घेतले आणि ते बुडाले. मग या बावीस वर्षांच्या नवऱ्याने पैसे उभे करायचा जो मार्ग काढला तो असा : कंबोडियाच्या जंगलात पडलेल्या एका देवळातली शिल्पं काढायची आणि पाश्चात्त्य संग्राहकांना विकायची.

ते देऊळ म्हणजे बांतेय स्रेई. अंगकोरच्या मुख्य मंदिरांपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, गुलाबी वालुकाश्मातलं, इ. स. ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेलं शिवमंदिर. आकाराने लहान, पण कोरीवकाम असं की लाकूडकामाचा भास व्हावा. १९१४ मध्ये ते फ्रेंचांच्या नजरेला पडलं होतं आणि पुरातत्त्वज्ञ आंरी पार्मांतिए यांनी १९१९ मध्ये त्यावर लेख लिहिला होता. मालरोने तो वाचला होता. १९२३ च्या डिसेंबरात तो, क्लारा आणि बालमित्र लुई शव्हासों बैलगाड्या घेऊन तिथे पोचले. भिंतींतल्या देवतांच्या मूर्ती त्यांनी दगडासकट सोडवल्या, पेट्यांत भरल्या आणि नदीमार्गे नोम पेन्हला आणल्या. नाताळच्या आदल्या दिवशी पोलिसांनी त्यांना तिथेच धरलं.

पुढच्या जुलैत नोम पेन्हच्या न्यायालयाने मालरोला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. क्लाराला तोवर सोडून दिलं होतं. पॅरिसला परतून ती दारोदार फिरली आणि लेखकांच्या सह्या मिळवल्या. आंद्रे जीद, फ्रांस्वा मोरियाक, आंद्रे ब्रतों अशी मोठी नावं त्या पत्रकाखाली होती. अपिलात सायगावच्या न्यायालयाने शिक्षा एक वर्षावर आणली आणि तीही स्थगित ठेवली. मालरो प्रत्यक्ष तुरुंगात गेलाच नाही.

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण इथे जरा सैल होतात. तरुणपणाचं साहस, देऊळ तसंही ओसाड, कायद्यात ते संरक्षित म्हणून नोंदलेलं होतं की नव्हतं याचा घोळ. वकिलानेही तेव्हा हेच मुद्दे मांडले होते. मला ते पटत नाहीत. देऊळ ओसाड असलं तरी ते कोणाचं तरी होतं, आणि ज्या वसाहतीत ते होतं तिथल्या माणसांना या खटल्यात कोणी काही विचारलंच नाही. फ्रेंच न्यायाधीश, फ्रेंच आरोपी, फ्रेंच साहित्यिकांचं पत्रक. ख्मेर, म्हणजे कंबोडियातला मूळचा, माणूस या गोष्टीत फक्त गाडीवान म्हणून येतो.

पण मालरोबद्दल माझ्या मनात आदर सुरू होतो तोही इथूनच. सुटल्यावर तो फ्रान्समध्ये गप्प बसला नाही. १९२५ मध्ये पुन्हा सायगावला गेला आणि पॉल मोनें या वकिलाबरोबर त्याने ‘लँदोशीन’ हे वृत्तपत्र काढलं. कोचीन-चायनाच्या, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या, फ्रेंच गव्हर्नरवर, शेतकऱ्यांच्या जमिनी लाटणाऱ्यांवर त्यात थेट नावानिशी लिहिलं जाई. सरकारने छापखान्यावर दबाव आणून ते बंद पाडलं, तेव्हा हा गडी टाइपाचे खिळे आणायला हाँगकाँगला गेला आणि ‘बेड्यांमधला इंडोचायना’ अशा अर्थाच्या नावाने ते पुन्हा सुरू केलं. वसाहतीचं राज्य म्हणजे काय हे आरोपीच्या पिंजऱ्यातून दिसलं म्हणून त्याला कळलं, असं मला वाटतं.

या दोन वर्षांतून त्याच्या पहिल्या कादंबऱ्या आल्या. चीनमधल्या कँटनच्या संपावरची ‘ले काँकेराँ’ १९२८ ची. ‘ला व्वा रुआयाल’ १९३० ची. तीत एक तरुण फ्रेंच माणूस जंगलातल्या देवळातून शिल्पं काढायला जातो. दगडावर करवत चालत नाही, पाती मोडतात, घामाने आणि किड्यांनी जीव नकोसा होतो, ते सगळं त्यात आहे. नाही ती फक्त लाज.

१९३३ ची ‘ला काँदिस्याँ युमेन’ मात्र वेगळ्याच उंचीची. गोंकूर पारितोषिक मिळालेली ही कादंबरी शांघायच्या १९२७ च्या उठावावर आहे. मालरो तेव्हा शांघायमध्ये नव्हता, चीनच्या क्रांतीत तर मुळीच नव्हता. पण लोकांचा तसा समज होऊ लागला तेव्हा त्याने तो होऊ दिला. आयुष्यभर त्याची ही खोड राहिली. घडलेलं आणि घडायला हवं होतं असं, यांच्यातली रेघ तो पुसून टाकायचा. इतिहासकार त्याबद्दल त्याला धारेवर धरतात आणि ते योग्यच आहे. पण कादंबरीत शेवटाकडे जे प्रकरण येतं ते वाचताना हा माणूस तिथे होता की नव्हता हे विचारायचं भान राहत नाही. पकडलेले क्रांतिकारक एका शेडमध्ये जमिनीवर पडलेले आहेत. एकेकाला बाहेर नेऊन आगगाडीच्या इंजिनाच्या भट्टीत जिवंत टाकतात, आणि प्रत्येक वेळी आत शिट्टी ऐकू येते. कातोव्हजवळ सायनाइड आहे, म्हणजे त्याला झटकन मरता येईल. शेजारी दोन तरुण चिनी पोरं भीतीने थरथरताहेत. तो आपलं विष त्यांना देऊन टाकतो. अंधारात एका पोराच्या हातून ते निसटतं आणि तिघंही जमीन चाचपू लागतात. त्या चाचपण्यात एक हात कातोव्हचा हात घट्ट धरतो. विष सापडतं. कातोव्ह मात्र उठून, चालत, भट्टीकडे जातो.

विसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांत माणुसकीवर एवढं मोठं पान मी फार थोड्या ठिकाणी वाचलं आहे. मालरोवर राग आला की मी हे पान काढते.

स्पेनमध्ये मात्र तो खरोखर होता. १९३६ मध्ये यादवी पेटली तेव्हा स्वतःला विमान चालवता येत नसताना त्याने प्रजासत्ताकासाठी विमानांचं एक पथक उभं केलं. जुनी विमानं, काही भाडोत्री वैमानिक, काही स्वयंसेवक. त्यावरच्या १९३७ च्या ‘लेस्प्वार’ या कादंबरीत एक शेतकरी आहे. शत्रूची विमानं त्याच्या गावाजवळ कुठे दडवली आहेत हे त्याला माहीत आहे. त्याला विमानात बसवून वर नेतात, आणि वरून त्याला आपलाच मुलूख ओळखू येत नाही. जन्म जिथे गेला ती शेतं, तो रस्ता, सगळं परकं दिसतं. विमान खाली आल्यावरच, पायी चालणाऱ्या माणसाला दिसतं तसं दिसू लागल्यावर, त्याला ओळख पटते आणि तो ओरडतो.

मला वाटतं, मालरोने पुढे कलेवर जी हजारो पानं लिहिली त्यांना दिलेलं उत्तर त्याने स्वतःच या एका प्रसंगात आधी लिहून ठेवलं होतं.

ती कलेवरची पानं आली महायुद्धानंतर. मधल्या काळात त्याने जर्मन ताब्याविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकाराच्या लढ्यात भाग घेतला, उशिराच, १९४४ मध्ये. जर्मनांच्या हाती सापडला, तुलूजच्या तुरुंगातून सुटला आणि आल्सास-लोरेन ब्रिगेडचा प्रमुख झाला. युद्धाने त्याचे दोन्ही सावत्र भाऊ नेले. त्याच्या दोन मुलांची आई, लेखिका जोझेत क्लोतिस, १९४४ च्या नोव्हेंबरात एका स्टेशनावर चालत्या गाडीखाली सापडून गेली. पुढे १९६१ मध्ये ती दोन्ही मुलंही एकाच मोटार अपघातात गेली. एक अठरा वर्षांचा, दुसरा वीस.

कला ही नियतीच्या विरोधात उभी असते, असं त्याने १९५१ च्या ‘ले व्वा द्यु सिलांस’मध्ये लिहिलं. कोणी दिवाणखान्यात बसून हे वाक्य लिहिलं असतं तर मी ते ओलांडून पुढे गेले असते. इतकी मरणं पाहिलेला माणूस हे म्हणतो म्हणून थांबावं लागतं.

या ग्रंथातली, आणि त्याआधीच्या ‘काल्पनिक संग्रहालय’ या खंडातली मूळ कल्पना अशी. रोमनेस्क काळातला क्रूस हा मुळात शिल्प नव्हता, चिमाबुएची मॅडोना मुळात चित्र नव्हती, फिडियासची अथीना मुळात पुतळा नव्हती. ते देव होते. संग्रहालयाने त्यांना देवघरातून काढलं आणि एकमेकांशेजारी मांडलं, तेव्हा त्या ‘कलाकृती’ झाल्या. मग फोटो आला आणि त्याने हे काम पूर्ण केलं. बोटभर मुद्रा आणि उभी भिंत व्यापणारं शिल्प पुस्तकाच्या पानावर सारख्याच आकाराचं होतं. सुमेरचा राजा, चार्त्रची राणी, गांधारचा बुद्ध एका टेबलावर येतात. सगळ्या जगाची, सगळ्या काळांची कला पहिल्यांदाच एका माणसासमोर पसरलेली असते. जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिनचा यंत्रयुगातल्या कलेवरचा निबंध त्याने १९३६ मध्येच वाचला होता. पण बेन्यामिनला जिथे काहीतरी हरवताना दिसलं, तिथे मालरोला नवा जन्म दिसला. त्याचा शब्द होता रूपांतर. देव मरतो आणि त्याच दगडातून कला जन्माला येते.

मला हे वाचताना आनंद होतो हे खरंच. आपल्यापैकी कितीजणांनी अजिंठ्याचा पद्मपाणी आधी पुस्तकात पाहिला, नि मग लेण्यात? मोबाइलच्या पडद्यावर आज आपण जे पाहतो ते मालरोने सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

पण कार्ल्याला गेलं की ही कल्पना अडखळते. डोंगर चढून वर आलं की चैत्यगृहाच्या दारातच एकवीरा आईचं देऊळ. एकाच कातळाच्या कडेला दोन्ही. देवीसाठी कोळीवाड्यांतून आलेली माणसं, ओट्या, नारळ, पालखी, रांग. आणि चार पावलांवर पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढून आत गेलं की दोन हजार वर्षांचा स्तूप, लाकडी कमानी, खांबांवरची हत्तींवर बसलेली जोडपी. एकीकडे देव आहे, दुसरीकडे कला आहे, असं मालरो म्हणाला असता. पण तिथे थोडा वेळ उभं राहा. देवीला आलेली म्हातारी चैत्यातही डोकावते आणि स्तूपापुढे हात जोडते. नागपुरातून, औरंगाबादेतून आलेली कुटुंबं पोरांना स्तूपापुढे बसवून त्रिसरण म्हणतात. मेला असं मालरो ज्याला म्हणेल, त्याला इथे कोणी मेलेलं मानत नाही. आणि नेहरूंना विचारलेल्या त्या प्रश्नाचं एखादं उत्तर असलंच तर ते याच दारात, अजून न संपलेलं, उभं आहे.

पंढरपुरात तर उलटंच. तिथे विठ्ठलाच्या मूर्तीची झीज होते ती लोकांच्या हातांनी, अभिषेकांनी, पायांवर टेकलेल्या कपाळांनी. वज्रलेप करावा लागतो. संग्रहालयाच्या हिशेबाने हे नुकसान. वारकऱ्याच्या हिशेबाने त्यासाठीच मूर्ती आहे. मालरोच्या रूपांतरात या झिजण्याला जागा नाही, कारण त्याच्या संग्रहालयात कोणी कशाला हात लावत नाही.

घारापुरीला मालरो आला होता. १९५८ मध्ये द गॉलचा दूत म्हणून तो भारतात आला, नेहरूंना भेटला, आणि १९६७ च्या ‘आंतीमेम्वार’ या आठवणींच्या पुस्तकात भारताची जी पानं आहेत त्यांत हे लेणं आहे, मदुराई आहे, वाराणसी आहे. ती पानं सुंदर आहेत. माणसाच्या तिप्पट उंचीच्या त्या मिटल्या डोळ्यांच्या महेशमूर्तीपुढे त्याला काय वाटलं असेल याचा मी नेहमी विचार करते. बांतेय स्रेईचा देवही शिवच होता. तिथे भिंतीतून देवता सोडवता आल्या. इथे मूर्ती डोंगरातच कोरलेली. ती न्यायची तर डोंगर न्यावा लागेल. आणि ही नुसती कल्पना नाही. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला. उचलताना तो फुटला. त्याचे तुकडे मुंबईत आले आणि पुढे जोडून उभे केले. राणीच्या बागेशेजारी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आज उभा आहे. सांधे नीट पाहिले तर दिसतात.

ज्याने देऊळ फोडलं तोच माणूस पुढे वारसा जपणारा मंत्री झाला, ही गोष्ट तर कादंबरीतसुद्धा कोणी लिहिणार नाही. १९५९ पासून १९६९ पर्यंत मालरो फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री होता, त्या पदावरचा पहिलाच. ऑगस्ट १९६२ चा कायदा आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. एखादी सुटी इमारत वाचवून भागत नाही, तिच्याभोवतीची गल्ली, वस्ती, सगळं मिळून वाचवावं लागतं, हे त्या कायद्याने पहिल्यांदा मानलं. पॅरिसचा मारे भाग बुलडोझरखाली गेला नाही तो त्यामुळे. दगड त्याच्या जागेवरून वेगळा काढता येत नाही, हेच हा कायदा म्हणतो. ग्रंथकार मालरोपेक्षा मंत्री मालरो इथे मला शहाणा वाटतो.

मंत्री म्हणून सगळंच शोभलं असं नाही. १९५८ च्या एप्रिलमध्ये अल्जीरियातल्या छळाविरुद्धच्या निवेदनावर सार्त्र आणि मोरियाकबरोबर त्याची सही होती. काही आठवड्यांत तो सरकारात गेला आणि त्या विषयावर गप्प झाला. ज्याने सायगावात वसाहतवाद्यांना नावानिशी झोडपलं, त्याची ही चुप्पी मला कंबोडियातल्या चोरीपेक्षा जास्त लागते. चोरी बावीस वर्षांच्या पोराने केली होती. गप्प बसला तो छप्पन वर्षांचा, नाव आणि वजन असलेला माणूस. अखेरच्या काळात, १९७१ मध्ये, बांगलादेशासाठी आपण बंदूक घेऊन लढायला तयार आहोत असं त्याने जाहीर केलं, तेव्हा तो सत्तरीचा होता. लोकांना ते नाटकी वाटलं. मला त्यात सायगावचा संपादक पुन्हा दिसतो.

१९७६ च्या नोव्हेंबरात तो गेला. वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याचे अवशेष पाँतेओंमध्ये, फ्रान्सच्या थोरांच्या पॅरिसमधल्या स्मारकात, हलवले गेले. ‘आंतीमेम्वार’मध्ये माओ आहे, नेहरू आहेत, द गॉल आहे, पण बांतेय स्रेईची सरळ कबुली नाही. ती सांगितली क्लाराने. दोघं वेगळी झाल्यावर, १९६३ पासून पुढची सोळा वर्षं तिने आपल्या आठवणींचे सहा खंड लिहिले. जंगलातला तो प्रवास, अटक, तिचं उपोषण, पॅरिसमधली सह्यांसाठीची वणवण आणि स्वतःचा सहभाग, काहीही न लपवता. तीही त्या बैलगाडीत होती हे ती विसरत नाही. मालरोच्या चरित्रांत ती बरेचदा ‘पहिली पत्नी’ म्हणून दोन-तीन प्रकरणांपुरती येते. त्या देवळाविषयी दोघांपैकी कोणाचं ऐकायचं असा प्रश्न आला, तर मी क्लाराचं ऐकते.

बांतेय स्रेईची ती शिल्पं परत गेली. १९३१ पासून आंरी मार्शाल यांनी ते देऊळ दगडाला दगड जुळवून पुन्हा उभं केलं. अंगकोरच्या परिसरात अशा रीतीने उभं राहिलेलं ते पहिलं देऊळ.